सात हाका आणि एक टीबी

म्हाळूच्या मेंढरांना म्हाळूचा आवाज एका डबीतून ऐकू येत असे आणि मेंढरांना त्यात काही वावगं वाटत नसे. वाटायचं ते म्हाळूलाच वाटायचं.

पाटोद्याच्या वरच्या अंगाला डोंगरात आठ-दहा घरांची वस्ती आहे, तिथला हा गडी. वय बासष्ट. त्यातली पन्नास-बावन्न वर्षं मेंढरांमागे गेलेली. या टेकडीवरून हाक मारली की त्या टेकडीवरचं मेंढरू चरायचं थांबायचं, असा त्याचा गळा होता, आणि त्याचा त्याला चांगलाच माजही होता. कुणाची म्हैस चुकली तरी लोक म्हाळूला बोलवायला यायचे. म्हशीलासुद्धा आपली हाक मोडवत नाही, असं तो चारचौघांत सांगायचा. मग त्याच गळ्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी काही लपवलं नाही. गाठ आवाजाच्या नेमक्या जागेवर आहे, जीव नक्की राहील, आवाजाचं सांगता येत नाही, असं त्यांनी आधीच स्वच्छ सांगितलं. जीव राहिला. आवाजाच्या जागी एक खरखर उरली, दगडावरून पत्रा ओढल्यासारखी.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्याच्या सुनेने, ऋतुजाने, एक शहाणपणाचं काम करून ठेवलं होतं. तिने सासऱ्याला वाघुरीपाशी, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीच्या कुंपणापाशी उभं केलं, त्याचाच फोन त्याच्या तोंडापुढे धरला आणि म्हणाली, "मामा, सगळ्या हाका मारा. एकेक करून, घाई न करता." म्हाळूने सात हाका मारल्या. उठायची, चालायची, वळायची, पाण्यावर उतरायची, कुत्रं-लांडगं दिसलं तर गोळा व्हायची, सावलीला बसायची आणि घरी परतायची. शेवटची हाक तर सगळ्यात ठणठणीत निघाली. ती ऐकून मेंढरं भर दुपारी घराकडे तोंड करून उभी राहिली आणि बराच वेळ बिचाऱ्यांचा गोंधळ चालला होता.

तेव्हापासून आठ महिने झाले, म्हाळूच्या कमरेला एक छोटा स्पीकर आणि सदऱ्याच्या खिशात फोन. बोटाने बटण दाबायचं, हाक निघायची, मेंढरं ऐकायची. तो स्वतः तोंड उघडत नसे. घरात खुणेने भागवायचा, लांबच्याला बोलवायचं तर टाळी वाजवायचा. बाहेरचं माणूस दिसलं की ओठ असे मिटायचे की जणू दात दुखतोय. एकदा पारावर कुणीतरी विचारलं म्हणून तो दोन शब्द बोलला, तर ऐकणाऱ्याने लगेच "ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या" म्हणत त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्या हाताचा म्हाळूला इतका राग आला की पुन्हा तो पाराकडे फिरकलाच नाही.

मुलगा अंगद कारखान्यावर ट्रॅक्टर चालवायला गेलेला, तो हंगाम संपेपर्यंत काही येत नाही. बायको साखराबाईची हाक मेंढरांना लागू पडत नव्हती. तिने प्रयत्न केला होता. मेंढरांनी तिच्याकडे पाहिलं आणि रवंथ चालू ठेवला. अंगद फोनवर म्हणायचा, "आण्णा, आता विकून टाकू मेंढरं. कशाला जिवाला घोर?" म्हाळू उत्तर न देता फोन बंद करायचा. फोन बंद करायला आवाज लागत नाही.

तेव्हा पंचावन्न मेंढरं आणि म्हाळूचं म्हाळूपण एका जुन्या फोनातल्या सात तुकड्यांवर उभं होतं. आणि तो फोन साखराबाईच्या भजनांच्या व्हिडिओंनी आणि सुप्रभातच्या गुलाबांनी इतका गच्च भरला होता की अधूनमधून आपोआप बंद पडायचा.

ऋतुजाला याची धास्ती होती. ती पाटोद्याच्या दोन फोटोग्राफरांसाठी घरी बसून लग्नाचे व्हिडिओ जोडून द्यायची. त्यासाठी पुढच्या खोलीत तिचा कॉम्प्युटर होता. पण तोही लग्नांनी तुडुंब झालेला. कुणाची हळद, कुणाची वरात, एकेक फाइल अशी अजस्र की नवी घ्यायची तर जुनी काढावी लागे. मामांच्या हाका तिने एकदा त्यात ठेवल्या होत्या, त्या मागच्या पावसाळ्यात वीज कडाडली तेव्हा जुन्या डिस्कबरोबर गेल्या. अंगदला पाठवल्या होत्या, त्याने फोनमध्ये जागा नाही म्हणून कधीच साफ केल्या. "एकाच ठिकाणी ठेवणं बरं नाही मामा," ती म्हणाली. "बाहेरून जोडायचा एक चांगला ड्राइव्ह घेऊ. माझं कामही हलकं होईल आणि तुमच्या हाकाही जपून राहतील."

बाजाराच्या दिवशी मेंढरांना वाघुरीतच पाला टाकला आणि म्हाळू पाटोद्याला निघाला. ऋतुजाने चिठ्ठी लिहून दिली होती: एक टीबी, पोर्टेबल एसएसडी, आत चकती फिरणारी हार्ड डिस्क नको, डबा सीलबंद, वायर कॉम्प्युटरच्या निळ्या खाचेत बसणारी. म्हाळूला चिठ्ठीवर भरवसा नव्हता. वायर बसते की नाही हे चिठ्ठी कशी सांगणार? म्हणून त्याने गुपचूप ज्वारीच्या धाटाची एक चपटी काडी तासून त्या निळ्या खाचेचं माप घेतलं आणि ती टोपीत खोचली. घुंगराच्या पट्ट्यासाठी मेंढ्याच्या मानेचं माप तो असंच घेई.

निघताना साखराबाई दारात आली. "अवो, ऐका. पोरगी म्हणती त्यात सामान ठिवायचं असतंय. म्हंजी ते भांडंच झालं. नवं भांडं घरात रितं आणू नगा. कायतरी टाकून आणा." म्हाळूने मान डोलावली. लग्नात आलेल्या हंड्यापासून परवाच्या प्लास्टिकच्या बादलीपर्यंत या घरात एकही भांडं रिकामं शिरलेलं नव्हतं. मूठभर दाणे, गुळाचा खडा, काहीतरी आत असायचंच. यात चर्चा करण्यासारखं काही नव्हतं.

अजिनाथचं मोबाइल-कॉम्प्युटरचं दुकान स्टँडच्या बाजूला आहे. पोरगा बडबड्या पण मनाने साफ, आणि म्हाळूला ओळखणारा. त्याने चिठ्ठी वाचली आणि काउंटरवर तीन नग मांडले.

"नाना, ह्यो पयला. दोन टीबी हाय, आन् सगळ्यात सवस्त."

म्हाळूने तो उचलला. प्लास्टिकचा, पिसासारखा हलका, वर सोनेरी अक्षरं. त्याने तो तळहातावर तोलला, कानाशी हलवून पाहिला, नाकाशी नेला. आत काहीतरी खुळखुळलं. त्याने अजिनाथकडे भुवई वर करून पाहिलं, पोटावर हात फिरवून मोठ्या पोटाची खूण केली आणि मग दोन बोटं जवळ आणून किंमत दाखवली. एवढं मोठं पोट, एवढ्या थोड्यात?

अजिनाथ हसला. "तुमाला काय फशिवणार! दोन जणांनी माघारी आणून दिलाय. दोन टीबी दाखिवतंय, पर थोडं टाकलं की पुढचं सगळं गायब. तुमच्यासारख्या गिऱ्हाइकापुढं ठिवाया नगं व्हता म्या." त्याने तो काउंटरखाली सरकवला.

दुसरा जड होता, विटेसारखा भरीव. म्हाळूला वजनामुळे तो आवडला. पण अजिनाथ म्हणाला, "ह्याच्यात चकती फिरती नाना. एकदा टेबलावरून पडला की गेला समजा. आन् हळू बी हाय." म्हाळूच्या डोळ्यांपुढे त्यांच्या घरची पुढची खोली आली. तिथून दिवसातून चार वेळा कोकरं पळतात, ऋतुजाच्या पायातल्या वायरींत अडकतात आणि खुर्चीसकट सगळं हलवतात. त्याने जडही नाकारला.

तिसरा तळहातात मावणारा, लोखंडी अंगाचा, गार, कडेने रबर लावलेला. हलवला तर आवाज नाही. फिरणारं काही नाही, तुटणारं काही नाही. म्हाळूने तो पुन्हा पुन्हा उलटापालटा केला. मेंढा घेताना तो असाच सगळ्यात शेवटी गप्प उभ्या राहिलेल्या जनावरापाशी जायचा. डोळ्यांनीच त्याने हा घेतो म्हणून सांगितलं. मग टोपीतली काडी काढली आणि वायरीच्या टोकाला लावून पाहिली. टोक बारीक निघालं.

"ही कशाची काडी?" अजिनाथने विचारलं. म्हाळूने काडी आणि टोक शेजारी धरून दाखवलं. अजिनाथच्या ध्यानात यायला एक क्षण लागला आणि मग तो इतका हसला की शेजारच्या दुकानातला माणूस डोकावला. "आयला! बरूबर हाय नाना. डब्यातल्या वायरीची दोन्ही टोकं बारीक. तुमची खाच रुंद हाय. थांबा, रुंद टोकाची वायर देतो." दुसरी वायर काडीच्या मापाशी नेमकी बसली. गेल्या आठ महिन्यांत म्हाळूला स्वतःचा असा अभिमान वाटला नव्हता.

पैसे देऊन झाले आणि मग त्याला साखराबाईचं सांगणं आठवलं. खिशात ज्वारीचे दाणे आणलेलेच होते. त्याने ड्राइव्ह चारी बाजूंनी पाहिला. याला तोंडच नव्हतं. वायरीच्या बारीकशा खाचेत दाणा जाण्यासारखा नव्हता, आणि जायला लागला असता तर अजिनाथने त्याचा हात धरला असता. म्हाळू विचारात पडला. यात सामान ठेवायचं असतं. आपल्याकडे ठेवण्यासारखं सामान काय आहे? आणि त्याचा चेहरा एकदम उजळला. त्याने फोन काढला, सात हाका दाखवल्या, मग ड्राइव्हकडे बोट केलं.

"ह्ये ह्यात टाकू?" अजिनाथने विचारलं. म्हाळूने जोराने मान हलवली. अजिनाथने सील फोडलं, ड्राइव्ह आपल्या लॅपटॉपला लावला, फोन लावला. "फोन पार गच्च हाय की वो नाना. हलवूनच टाकतो, म्हंजी फोनला बी श्वास घ्याया जागा व्हईल." म्हाळूने त्यालाही मान हलवली. कणगीतली मूठभर ज्वारी नव्या पाटीत टाकली म्हणून कणगी काही रिकामी होत नाही, हे त्याला बासष्ट वर्षं माहीत होतं. फोनातल्या गोष्टी कणगीसारख्या वागत नाहीत हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

तो घरी पोचला तेव्हा दुपार कलली होती. साखराबाईने दारातच डब्याला हळदकुंकू लावलं. "रितं न्हाई ना आणलं?" तिने विचारलं. म्हाळूने मोठ्या समाधानाने मान हलवून आपल्या गळ्याकडे बोट दाखवलं. आवाज आणलाय, त्यात माझा आवाज आहे. साखराबाईने चटकन आत जाऊन पाण्याचा तांब्या आणून दिला. त्याने तो पिऊन टाकला. तहान तर लागलीच होती.

पुढच्या खोलीत खालच्या शेतातला भागवत बसला होता. पीकविम्याचा अर्ज भरून घ्यायला आलेला. त्याची ज्वारी म्हाळूच्या वाघुरीला लागूनच होती आणि ती औंदा झकास आली होती. हे तो प्रत्येक वाक्यात एकदा सांगत होता. ऋतुजाने अर्ज बाजूला ठेवला, सासऱ्याच्या हातातून ड्राइव्ह घेतला आणि लहान मूल घ्यावं तसा दोन्ही हातांनी धरला. "मामा, एकच नंबर आणलात! आणि वायर? अय्या, वायरही बरोबर!" वायर निळ्या खाचेत टच्चकन बसली. म्हाळू तिच्या खुर्चीशेजारी पोत्यावर बसला आणि पडद्याकडे पाहू लागला.

"आता ह्याला फॉरमॅट करून घेते," ऋतुजा म्हणाली.

"म्हंजी काय करती?" भागवतने विचारलं.

"कारखान्यातून येतो तो टीव्ही, फोन, सगळ्यांना चालेल असा असतो काका. मला मोठाल्या फाइली ठेवायच्यात, म्हणून माझ्या कॉम्प्युटरच्या पद्धतीचा करून घेते. नवा ड्राइव्ह आला की आधी हेच करायचं, असं क्लासमध्ये शिकवलं होतं." ती पडद्यावर वाकली. "यात आधीच काहीतरी आहे वाटतं. कंपनीचंच असणार. कंपन्या आपलं काहीबाही घालून पाठवतात."

म्हाळूचा हात वर झाला. फॉरमॅट म्हणजे काय हे त्याला कळलं नव्हतं, पण ते कंपनीचं नाही, माझं आहे, एवढं त्याला सांगायचं होतं. गळा हलला. आणि त्याच वेळी भागवतने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. पारावरच्या त्या माणसाने पाहिलं होतं अगदी तसंच, दयेने ओथंबून. म्हाळूचे ओठ मिटले. वर गेलेल्या हाताने त्याने गाल खाजवला. भागवत गेला की सांगू, असं त्याने मनाशी म्हटलं. काय घाई आहे.

"मामा, ह्याला नाव काय देऊ?" ऋतुजाने विचारलं. आतून साखराबाई ओरडली, "बिरोबा लिही! म्हंजी आतल्या सामानाला काय व्हनार न्हाई." ऋतुजाने हसत बिरोबा लिहिलं. पडद्यावर एक पिवळा त्रिकोण आला आणि त्याच्या पुढे इंग्रजीत एक ओळ. यातलं सगळं पुसलं जाईल, असं तिच्यात लिहिलं होतं. ऋतुजाने ठीक आहे म्हणून बटण दाबलं. चहा ओतायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही.

"झालं!" ती म्हणाली. "आता कोरा करकरीत." मग तिची लग्नं त्यात जाऊ लागली, भागवतचा अर्ज पुन्हा सुरू झाला आणि अर्ज संपेस्तोवर म्हाळू वाघुरीतल्या मेंढरांना बादलीने पाणी पाजायला निघून गेला होता. सांगायचं राहिलं ते राहिलंच.

सकाळी ऊन वाघुरीवर आलं. मेंढरं आदल्या दिवसभर कोंडलेली, त्यामुळे भुकेने कालवा करत होती. म्हाळूने कमरेला स्पीकर बांधला, फोन काढला आणि उठायच्या हाकेसाठी बोट दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. जिथे सात ओळी असायच्या तिथे पांढरं रिकामं पान होतं. त्याने फोन झटकला, पुसला, बंद करून चालू केला. मग तो घराकडे धावत सुटला. बासष्टीचा माणूस अनवाणी धावताना पाहून साखराबाईच्या हातातली परात निसटली.

ऋतुजाने फोन पाहिला. "ह्यातल्या हाका कुठं गेल्या मामा? कुणी हात लावला होता का?" म्हाळूने ड्राइव्हकडे बोट दाखवलं. "ह्यात? ह्यात कशा येतील? तुम्ही तर..." आणि ती थांबली. काल पडद्यावर दिसलेलं ते 'कंपनीचं काहीतरी' तिला आठवलं असावं. तिच्या चेहऱ्याचा रंग उडालेला म्हाळूला स्पष्ट दिसला. "मामा, अजिनाथनं त्या ह्यात टाकल्या होत्या? हलवल्या?"

म्हाळूने मान हलवली. साखराबाई परात तशीच टाकून आत आली होती. "म्याच सांगितलं व्हतं त्यास्नी, रितं आणू नगा म्हून," ती म्हणाली, आणि तिला आपलं काय चुकलं ते कळेना. खरं तर तिचं काही चुकलंच नव्हतं.

ऋतुजाने पुसलेलं परत आणून देणारं एक सॉफ्टवेअर शोधून उतरवलं. ते चाललं. पडद्यावर हिरवी पट्टी सरकत राहिली, तिघं तिच्याकडे पाहत राहिली, बाहेर मेंढरं ओरडत राहिली. पट्टी संपली. तिने पुन्हा लावली. मग फोनवर लावलं. फोनातून साखराबाईचे पुसलेले गुलाब तेवढे परत आले.

"चकतीवाली डिस्क असती तर कदाचित मिळालं असतं," ती शेवटी म्हणाली. "ह्याच्यात पुसलं की साफच होतं. चांगला आहे म्हणून तर..." तिने कीबोर्डवर हात ठेवले आणि हातांवर डोकं. "मी तुमचा आवाज पुसला मामा. मी एक बटण दाबायच्या आधी विचारायला पाहिजे होतं."

म्हाळू उभा होता. त्याला स्वतःचं वाईट वाटायला हवं होतं, पण समोर ही पोर हमसून रडत होती आणि तिचं रडणं त्याला सोसवेना. याच पोरीने दवाखान्यात अकरा दिवस त्याला वाटीने पेज पाजली होती. काल आपण एक शब्द बोललो असतो तर हे घडलं नसतं. भागवतच्या एका नजरेला भिऊन आपण गाल खाजवत बसलो, आणि आता ही स्वतःला बोल लावून घेतेय. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. आवाजाची नव्हे, त्या मिटलेल्या ओठांची.

"तुजी चूक न्हाई," तो म्हणाला. खरखर आली, दोन अक्षरं वाऱ्यावर गेली, पण तो थांबला नाही. "म्या बोलाया पायजे व्हतं. म्या बोललो न्हाई. रडू नगं."

ऋतुजाने डोकं वर केलं. आठ महिन्यांत सासऱ्याने तिच्याशी बोललेलं हे सगळ्यात लांब बोलणं होतं.

तेवढ्यात बाहेर जाळी फाटल्याचा आवाज आला. भुकेलेली मेंढरं कितीशी कळ काढणार? वाघुरीचा एक कोपरा त्यांनी पाडला होता आणि पुढची दहा-बारा भागवतच्या ज्वारीकडे तोंड करून निघाली होती. म्हाळू धावला. मागून ऋतुजा, तिच्या मागून साखराबाई. बांधावर पोचेपर्यंत पहिल्या मेंढीने ज्वारीच्या पानांना तोंड घातलं होतं. म्हाळूने कमरेच्या स्पीकरकडे हात नेला, सवयीने, आणि तो रिकामाच खाली आला.

मग त्याने हाक मारली. वळायची हाक, जशी येईल तशी. तिच्यात ना उंची होती ना धार, नुसतं घोगरं घरघरणं. काही मेंढरांनी कान टवकारले. हा कोण, असं त्यांनी पाहिलं, आणि पुन्हा ज्वारीत माना घातल्या. म्हाळूने पुन्हा हाक मारली. घशात सुरी फिरल्यासारखं झालं. मेंढरं आणखी आत शिरली.

आणि त्याच्या पाठीमागे, घराला लागून असलेल्या लहान जाळीत, एकदम कल्लोळ उठला. तिथे कोकरं होती, या हिवाळ्यात जन्मलेली, आयांबरोबर रानात न जाणारी. ती जाळीवर पाय देऊन उभी राहिली होती आणि म्हाळूच्या दिशेने जीव तोडून ओरडत होती. एकाने उडी मारली, दुसऱ्याने जाळीच खाली दाबली आणि वीस-बावीस कोकरं भुर्रकन सुटून त्याच्या पायांशी आली. त्याच्या धोतराला तोंडं घासू लागली.

म्हाळूला आधी कळेना. मग कळलं. रोज संध्याकाळी कोकरांना पाला टाकताना तो त्यांच्याशी बोलायचा. माणसांत बोलायची चोरी, म्हणून तिथे जाऊन तासभर मनसोक्त बोलायचा, त्यांना हाका मारायचा, रागावायचा, लाड करायचा. ह्याच आवाजात. त्या पोरांनी त्याचा पहिला गळा कधी ऐकलाच नव्हता. डबीतल्या हाकेला ती रानात गेलेली नव्हती. त्यांच्या लेखी म्हाळू असाच बोलत आला होता.

तो कोकरांना घेऊन बांधावरून टेकडीकडे चालू लागला. चालायची हाक देत, घरघरत. कोकरं त्याच्या मागेपुढे उड्या मारत, बें बें करत निघाली. आपलं पोर ओरडत कुठे चाललंय हे पाहायला ज्वारीतून एक मेंढी बाहेर आली. मग दुसरी. मग ज्यांची पोरं होती त्या सगळ्या, आणि त्यांच्यामागे ज्यांची नव्हती त्याही. अर्ध्या टेकडीवर पोचेपर्यंत पंचावन्नच्या पंचावन्न त्याच्या पाठीशी होती. तो हाक मारायचा, कोकरं वळायची, कोकरांमागे आया वळायच्या. म्हाळूच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्याला सुचलं नाही.

खाली बांधावर दोघी उभ्या होत्या. भागवतही आला होता, आपल्या ज्वारीकडे आणि टेकडीकडे आळीपाळीने पाहत. ऋतुजाच्या हातात फोन होता, पण तो वर करून काही टिपून घ्यावं हे तिच्या मनातही आलं नाही.

टेकडीच्या माथ्यावर म्हाळू थांबला आणि मागे वळला. खांद्यावर हात फिरवून त्याने काहीतरी चाचपलं. ऋतुजाला वाटलं, आता टाळी वाजवेल. पण त्याने तोंडाशी दोन्ही हातांचा पन्हळ केला आणि भागवतच्या, वस्तीच्या, सगळ्या रानाच्या देखत, होता त्या फाटक्या गळ्याने मोठ्यांदा हाक मारली:

"ए रुतुजा! माजी भाकर ऱ्हायली की गं घरी!"

"आणते मामा!" ती ओरडली, आणि घराकडे धावत सुटली.